एक किलोमीटरची रेषा

कर्नाटकातून येणारी म्हादई सह्याद्री ओलांडून गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात उतरते आणि पुढे मांडवी होऊन पणजीपाशी समुद्राला मिळते. दूधसागरचा धबधबा याच नदीच्या खोऱ्यात आहे. दक्षिणेला सांगे तालुक्यात नेत्रावळी आहे. तिथल्या गोपीनाथाच्या देवळाच्या तळ्यात तळातून अखंड बुडबुडे वर येत असतात आणि ते पाहायला लांबून माणसं येतात. गोव्याचं क्षेत्रफळ अवघं ३,७०२ चौरस किलोमीटर. त्याचा जवळपास पाचवा हिस्सा आज अभयारण्यांत आणि राष्ट्रीय उद्यानात आहे, आणि तो बहुतेक सगळा या पूर्वेकडच्या डोंगरात आहे.

याच डोंगराच्या पायथ्याला लागून, डिचोली-सत्तरीपासून धारबांदोडा, सांगे, केपेपर्यंत लोहखनिजाचा पट्टा पसरला आहे. या पट्ट्याची एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. इथे खनिज आणि पाणी एकाच थरात नांदतात. वरचा जांभा पावसाचं पाणी आत घेतो, खालच्या भुसभुशीत लोहखनिजात ते साठतं आणि तिथून विहिरी, झरे, तळी आणि कुळागरांचे, म्हणजे पोफळीच्या बागांचे, पाट वर्षभर वाहते राहतात. खाण त्या थरापर्यंत पोचली की पंप लावून पाणी उपसल्याशिवाय खनिज हाती लागत नाही. उपसलेलं पाणी ओढ्यात सोडलं जातं आणि आसपासच्या विहिरी आटतात. एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती निघते. तिचे डोंगराएवढे ढिगारे रचले जातात आणि गोव्याच्या पावसात ती माती खालच्या भातशेतात येते. हे भूजलतज्ज्ञांनी शोधनिबंधांत मांडलं, पण त्याच्या कितीतरी आधी शेतकऱ्याच्या ध्यानात आलं होतं.

या कथेची सुरुवात पोर्तुगीज अमदानीत होते. १९०६ साली वसाहतींसाठी खाणींचा कायदा झाला. ज्याला डोंगरात खनिज सापडलं त्याने सरकारदरबारी तशी नोंद करायची, पुढे अटी पूर्ण केल्या की त्याला त्या जागेचं ‘कन्सेशन’ मिळायचं. ते कायमचं असायचं. डोंगराखाली पाणी किती, जंगल कुणाचं, खालच्या गावाचं काय होणार, हे प्रश्न त्या व्यवस्थेत कुणी विचारणारं नव्हतं. खनिजाचा शोध घेणाऱ्याला रान मोकळं होतं. अशी शेकडो कन्सेशनं दिली गेली. त्यांतली कितीतरी अशी होती की जिथे कुदळही नीट पडली नाही. फक्त कागदावर चौकोन उरले आणि त्या चौकोनांत जंगल वाढत राहिलं.

खरी खोदाई १९५०च्या दशकात वाढली. युद्धानंतर उभ्या राहणाऱ्या जपानच्या पोलाद कारखान्यांना खनिज हवं होतं. गोव्यात ते उघड्यावर मिळत होतं आणि मांडवी-जुवारीच्या पात्रातून बार्जने थेट मुरगाव बंदरात नेता येत होतं. नद्यांमुळे वाहतूक स्वस्त पडली. घाटापलीकडच्या खाणींना ही सोय नव्हती. बघता बघता खाण हा गोव्याचा मोठा धंदा झाला. त्यातून घराणी उभी राहिली, वर्तमानपत्रं निघाली, माणसं कामाला लागली. हा भाग मी नाकारणार नाही. डिचोली, सावर्डे, कुडचडे या भागांतल्या दोन-तीन पिढ्यांच्या घरात खाणीचा पैसा आला आणि त्यावर मुलं शिकली.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. १९६३ मध्ये भारताचा खाण आणि खनिज कायदा इथे लागू झाला, तरी पोर्तुगीज कन्सेशनं पुढची चोवीस वर्षं तशीच चालू राहिली. १९८७ साली संसदेने कायदा करून ती रद्द केली आणि त्यांचं लीजमध्ये रूपांतर केलं. खाणमालकांनी त्याला न्यायालयात आव्हान दिलं. खटला वर्षानुवर्षं चालला आणि खाणीही चालल्या. लीज म्हटलं की मुदत आली, नूतनीकरण आलं, अटी आल्या. पण मुदत नेमकी कधी संपते, हा सोपा प्रश्न पुढची सत्तावीस वर्षं कुणी निकराने विचारला नाही. त्याचं उत्तर पुढे येईल.

दरम्यान डोंगराच्या बाजूने एक मोठी घटना घडली. १९९९ च्या फेब्रुवारीत गोव्यात राष्ट्रपती राजवट आली. राज्यपाल होते लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब. १९७१ साली ढाक्यात पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीची बोलणी करणारे तेच जेकब. जून महिन्यात लोकनियुक्त सरकार येण्याच्या अगदी तोंडावर त्यांनी म्हादई आणि नेत्रावळी ही दोन अभयारण्यं जाहीर केली. दोन्ही मिळून चारशे चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र. पर्यावरणाचं काम करणारे लोक कित्येक वर्षं याची मागणी करत होते. निवडून आलेल्या कुठल्याही सरकारला हा निर्णय जड गेला असता, कारण त्या जंगलात जुन्या कन्सेशनांचे चौकोन होते आणि जंगलात राहणारी माणसंही होती.

या माणसांच्या बाबतीत सरकार चुकलं, असं मला स्पष्ट म्हणायचं आहे. अभयारण्य जाहीर झालं की आतल्या गावांचे हक्क ठरवून द्यावे लागतात: काजूच्या बागा, कुमेरीची (फिरत्या शेतीची) जमीन, गुरांची चराई, देवराया. ते काम सुरू झालं आणि रेंगाळलं. चोवीस वर्षांनी, २०२३ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादईत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तेव्हाही वनहक्कांचे दावे बारा महिन्यांत निकाली काढा, असं वेगळं सांगावं लागलं. हक्क अधांतरी राहिलेल्या माणसाला अभयारण्य परकंच वाटणार. त्या परकेपणाचा फायदा ज्यांना खाण हवी होती त्यांनी उचलला. सत्तरीतल्या सभांमध्ये अभयारण्य रद्द करा ही घोषणा बराच काळ गाजत राहिली.

अभयारण्याच्या आत खाण नको, हे कायद्याने तरी पुरेसं स्पष्ट होतं. प्रश्न हद्दीबाहेरचा होता. हद्दीच्या दगडापासून शंभर मीटरवर सुरुंग लागला तर आतल्या जंगलाला तो ऐकू येतो आणि आतला झराही आटतो. जानेवारी २००२ मध्ये पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या भारतीय वन्यजीव मंडळाने वन्यजीव संरक्षणाचं एक धोरण स्वीकारलं. त्यात म्हटलं होतं की अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीपासून १० किलोमीटरपर्यंतचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करावा. केंद्राने राज्यांना पत्रं पाठवली. राज्यांनी हरकती घेतल्या. गोव्याची हरकत समजण्याजोगी होती. पूर्व-पश्चिम साठेक किलोमीटर रुंदीच्या राज्यात १० किलोमीटरचा पट्टा आखला तर खाणपट्ट्याचा मोठा भाग त्यात जातो. २००५ साली केंद्राने भूमिका सैल केली आणि प्रत्येक जागेचा वेगळा विचार करून हद्द ठरवावी, असं सांगितलं. मग जागेजागेचा विचार होईपर्यंत कुठलीच हद्द ठरली नाही.

गोवा फाउंडेशन ही संस्था तेव्हा सर्वोच्च न्यायालयात गेलेली होती. क्लॉड अल्वारिस आणि त्यांचे सहकारी ऐंशीच्या दशकापासून गोव्यातल्या पर्यावरणाचे खटले लढत आले आहेत. त्यांच्या २००४ च्या याचिकेवर ४ डिसेंबर २००६ रोजी न्यायालयाने आदेश दिला: राज्यांना प्रस्ताव पाठवायची शेवटची संधी, आणि तोवर १० किलोमीटरच्या आत ज्या प्रकल्पांना पर्यावरण दाखला दिला गेला आहे ती प्रकरणं राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीकडे पाठवा. देशभरातल्या धरणांना, रस्त्यांना, कारखान्यांना पुढे जो नियम लागू झाला तो गोव्यातल्या लोकांच्या याचिकेतून आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयाने खाणींना तात्पुरते परवाने देताना अट घातली होती की अभयारण्याच्या एक किलोमीटरच्या आत खाण नसावी. दहा आणि एक. हे दोन आकडे पुढची सगळी वर्षं गोव्याच्या डोक्यावर राहिले.

आणि नेमक्या याच वर्षांत चीन बाजारात उतरला.

बीजिंग ऑलिम्पिकच्या आधी चीनच्या भट्ट्यांना इतकं लोखंड हवं होतं की गोव्याचं हलक्या प्रतीचं, पूर्वी टाकून दिलेलं खनिजही सोन्याच्या भावाने विकलं जाऊ लागलं. जुने डंप उकरून विकले गेले. कित्येक वर्षं पडून असलेले लीजचे चौकोन जागे झाले. शतकाच्या सुरुवातीला गोव्याच्या बंदरांतून निघणारा माल काही वर्षांत दुपटीहून वर गेला आणि २०१०-११ मध्ये, कर्नाटकातून येणारा धरून, ५ कोटी टनांच्या पुढे पोचला. उसगाव-तिस्क, सावर्डे, कुडचडे, तिळामळ या रस्त्यांवर ट्रकच्या रांगा कधी संपत नसत. घरांची छपरं, आंब्याची पानं, शाळेच्या खिडक्या लाल झाल्या. रस्ता ओलांडताना माणसं मेली. ज्याच्याकडे थोडी पुंजी होती त्याने कर्ज काढून ट्रक घेतला, कारण गावात शेत उरलं नव्हतं आणि ट्रकचा हप्ता सहज फिटत होता. ज्या माणसाचं शेत खाणीच्या मातीने गाडलं त्याच माणसाचं पोट खाणीवर आलं. या काळाचं दुःख मला यात सगळ्यात जास्त जाणवतं.

एवढं सगळं होत असताना देखरेख करायला कुणी नव्हतं, असं मुळीच नाही. केंद्रात पर्यावरण मंत्रालय होतं. १९९४ पासून पर्यावरणीय परिणामाचा अभ्यास सक्तीचा होता, सप्टेंबर २००६ मध्ये त्याची नवी अधिसूचना निघाली. खाणीचा आराखडा मंजूर करायला नागपूरला मुख्यालय असलेला भारतीय खाण ब्युरो होता. राज्याचं खाण आणि भूगर्भ खातं होतं. प्रदूषण नियंत्रण मंडळ होतं. वनखातं होतं, राष्ट्रीय वन्यजीव मंडळ होतं. जनसुनावण्या होत होत्या. प्रत्येकाच्या टेबलावर एक कागद येई, तो तपासून पुढे जाई. खाण ब्युरोने खनिज नीट निघतंय ना, एवढं पाहायचं. प्रदूषण मंडळाने पाण्या-हवेचे नमुने पाहायचे. वनखात्याने झाडं पाहायची. संपूर्ण डोंगर कुणाच्याच टेबलावर येत नव्हता. एका डोंगरावर पाच खाणी असल्या तर पाच वेगळे अहवाल होत, आणि प्रत्येकात बाकीच्या चारांचा भार धरलेला नसे.

अहवाल लिहिणारा सल्लागार खाणकंपनीच्या पैशाने नेमलेला असे. त्यामुळे काय होतं याचं एक उदाहरण आपल्या कोकणातलं आहे. २००७ च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा आढळला होता. गोव्यात केपे तालुक्यातल्या कावरे गावात देवापोण डोंगर आहे. वेळीप समाजाचं ते पवित्र ठिकाण. तिथल्या खाणीच्या अहवालाप्रमाणे त्या जागेत पाण्याचे प्रवाह नव्हते. प्रत्यक्षात त्या डोंगरातून बारमाही झरे वाहत होते आणि गावाची शेती त्यांवर उभी होती. दिल्लीत बसलेल्या तज्ज्ञ समितीने डोंगर पाहिलेला नसे. तिच्यापुढे अहवाल असे. जनसुनावणीत गावकऱ्यांनी उठून झऱ्यांची नावं सांगितली तरी ती इतिवृत्तात एका ओळीत मावत आणि दाखला मिळून जाई.

सगळ्यात घातक पद्धत होती सशर्त दाखल्याची. खाण अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत आहे हे मंत्रालयाला दिसत होतं. प्रकरण वन्यजीव मंडळाकडे जायला हवं, हेही माहीत होतं. दाखला थांबवण्याऐवजी तो दिला गेला आणि त्यात अट लिहिली गेली की वन्यजीव मंडळाची परवानगी घ्यावी. कंपनीच्या हातात दाखला आला. अटीचं काय झालं ते दिल्लीने राज्याला विचारलं नाही, राज्याने कंपनीला विचारलं नाही. खाण सुरू झाली. खातरजमा करायची जबाबदारी आपली आहे, असं कुठल्याच कार्यालयाला वाटलं नाही.

मग पाहणी केली ती गावांनी. डिचोलीतलं शिरगाव हे लईराई देवीचं गाव. होमकुंडातून धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, चालत जातात ती जत्रा गोव्याबाहेरही ठाऊक आहे. खाणींनी तिन्ही बाजूंनी घेरलेल्या या गावात झरे आणि विहिरी आटल्या. गावकऱ्यांचं गाऱ्हाणं उच्च न्यायालयापर्यंत गेलं. सत्तरीत पिसुर्लेच्या शेतकऱ्यांनी गाळाने भरलेल्या शेतांचा हिशेब मांडला. कावरेत २०११ साली आदिवासी स्त्री-पुरुषांनी रस्त्यावर बसून ट्रक अडवले. दक्षिण गोव्याला पिण्याचं पाणी पुरवणाऱ्या साळावली धरणाच्या पाणलोटातही खाणी होत्या. रिवण, कोळंबसारख्या गावांत माणसं हातात माहितीच्या अधिकाराखाली मिळवलेले कागद घेऊन उभी राहिली. कुठली खाण कुठल्या सर्व्हे नंबरवर आहे, लीज कुणाच्या नावावर आहे आणि ती चालवतंय कोण, दाखल्यात कितीचं उत्पादन आहे आणि प्रत्यक्षात ट्रक किती निघतात, हे सगळं लोकांनी जुळवून पाहिलं. शासनाच्या खात्यांनी करायचं काम शेतकऱ्यांनी, शिक्षकांनी, गावातल्या वकिलांनी केलं. त्यांच्यातल्या काहींना मार खावा लागला, काहींवर खटले भरले गेले. पुढे जे घडलं त्याचं श्रेय मी सर्वांत आधी या लोकांना देतो.

हालचाल सुरू झाली ती २०१० मध्ये. फेब्रुवारीत पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गोव्यातल्या नव्या खाणींच्या दाखल्यांना स्थगिती दिली. मार्चमध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट तज्ज्ञ समिती नेमली गेली. गाडगीळांनी गोव्यातल्या अहवालांचा खोटेपणा जागेवर जाऊन पाहिला आणि तो नोंदवला. ऑगस्ट २०११ मध्ये दिलेल्या अहवालात त्यांनी म्हटलं की अतिसंवेदनशील भागात नवी खाण नको आणि गोव्यात तिथल्या चालू खाणी २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात. हा अहवाल मंत्रालयाने बरेच महिने लोकांपुढे येऊ दिला नाही. माहिती आयोगाचा आणि न्यायालयाचा रेटा लागला तेव्हा कुठे मे २०१२ मध्ये तो बाहेर आला.

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राने देशातल्या बेकायदा खाणींच्या चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती एम. बी. शाह यांचा आयोग नेमला. गोव्याविषयीचा त्यांचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत मांडला गेला. त्यातला ३४,९३५ कोटी रुपयांच्या नुकसानीचा आकडा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गेला. तो आकडा कसा काढला यावर पुढे पुष्कळ वाद झाला. मला त्या आकड्यापेक्षा अहवालातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. आयोगाने लिहिलं की खाणींची तपासणीच झालेली नव्हती, आणि त्यामुळे कुणाला कसली भीती उरलेली नव्हती. अभयारण्यांना लागून चाललेल्या खाणींची यादी आयोगाने दिली, वन्यजीव मंडळाच्या परवानगीवाचून त्या चालल्याचं दाखवलं आणि दाखले देणाऱ्यांकडेही बोट केलं.

तीन दिवसांनी, १० सप्टेंबरला मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी राज्यातल्या सगळ्या खाणी तात्पुरत्या थांबवल्या. विरोधी पक्षनेते असताना लोकलेखा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनीच खाणींच्या गैरव्यवहाराची चौकशी केली होती. १४ तारखेला केंद्राने पर्यावरण दाखले स्थगित केले. गोवा फाउंडेशनने पुन्हा सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि ५ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यायालयाने खोदाई आणि वाहतूक दोन्ही थांबवली. साठ वर्षांत पहिल्यांदाच मांडवीत बार्ज दिसेनासे झाले.

खाणपट्ट्यातल्या घरांत मात्र त्या दिवशी काळजी शिरली. ट्रकचे हप्ते थकले, गॅरेजं, हॉटेलं, टायरची दुकानं ओस पडली. ‘खाण अवलंबित’ हा शब्दप्रयोग गोव्याच्या राजकारणात कायमचा आला. सरकारने मदतीच्या योजना काढल्या, कर्जाची तडजोड केली. धंदा नियमात चालला असता तर हा आघात असा एकदम आला नसता. तपासणी न करणाऱ्या खात्यांची किंमत ट्रकमालकाने आणि चालकाने मोजली.

२१ एप्रिल २०१४ रोजी न्यायमूर्ती ए. के. पटनाईक यांच्या खंडपीठाने निकाल दिला. सुरुवातीला सोडून दिलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. १९८७ च्या कायद्याने लीज झालेल्या कन्सेशनांची मुदत २२ नोव्हेंबर १९८७ ला संपली. पहिल्या नूतनीकरणाची वीस वर्षं २२ नोव्हेंबर २००७ ला संपली. त्यानंतर गोव्यातली प्रत्येक खाण लीजशिवाय चालली होती. म्हणजे चीनच्या तेजीची बरीचशी वर्षं! ज्या खात्याकडे तारखा होत्या त्याने त्या तारखा पाहून खाण थांबवली नाही. न्यायालयाने शाह आयोगाच्या निष्कर्षांवरून थेट कारवाई करायला नकार दिला, कारण ज्यांच्यावर ठपका होता त्यांना आयोगाने बाजू मांडण्याची रीतसर नोटीस दिलेली नव्हती. मला हे योग्य वाटतं. खाणमालकाचाही तो हक्क आहे. पण खाणी कशा चालाव्यात हे न्यायालयाने स्वतः ठरवून दिलं. तज्ज्ञ समितीच्या आधारे वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. विक्रीतला दहा टक्के वाटा पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितला. आणि अभयारण्यांभोवतीचं संवेदनशील क्षेत्र सरकार अधिसूचित करेपर्यंत हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाण चालणार नाही, असं बजावलं.

दहाचा एक झाला, म्हणून पर्यावरणाच्या कार्यकर्त्यांना तो निकाल कमी वाटला. त्यांचं म्हणणं रास्त आहे. झऱ्याला आणि वाघाला किलोमीटर कळत नाही. तरीही २००२ पासून जी रेषा आखायची होती ती बारा वर्षांनी प्रथमच जमिनीवर उतरली, आणि ती आखली न्यायालयाने. २०१५ मध्ये गोव्यातल्या अभयारण्यांभोवतीची संवेदनशील क्षेत्रं केंद्राने रीतसर अधिसूचित केली.

सरकारने या निकालातून धडा घेतला असता तर कथा इथे थांबली असती. निकालाने लीज नव्याने देण्याचा मार्ग मोकळा ठेवला होता. राज्याने त्याऐवजी जुन्याच ८८ लीजांचं दुसऱ्यांदा नूतनीकरण केलं. खाणी लिलावाने द्याव्यात असा अध्यादेश १२ जानेवारी २०१५ ला निघाला. त्याच्या आधीच्या थोड्या दिवसांत नूतनीकरणांची घाई उडाली आणि त्या दिवशीसुद्धा सह्या होत राहिल्या. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती ८८ नूतनीकरणं रद्द केली आणि त्यांवर पुन्हा सुरू झालेल्या खाणी १६ मार्चपासून बंद पडल्या. न्यायमूर्ती मदन लोकूर आणि दीपक गुप्ता यांनी राज्याच्या घाईबद्दल कडक शब्द वापरले. खाणपट्ट्यातल्या घरांवर तोच आघात दुसऱ्यांदा आला.

गोव्यातून निघालेली रेषा त्यानंतर देशभर पोचली. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक अभयारण्याभोवती किमान एक किलोमीटरचं संवेदनशील क्षेत्र सक्तीचं केलं. त्या पट्ट्यात राहणाऱ्या शेतकऱ्यांची घरं आणि गोठेही अडचणीत येतील म्हणून केरळसह अनेक राज्यांतून विरोध झाला. २६ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने तो सरसकट आदेश मागे घेतला. मात्र खाणींना सवलत दिली नाही. गोव्यासाठी २०१४ मध्ये जे सांगितलं तेच आता साऱ्या देशाला लागू, असं न्यायालयाने म्हटलं: अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात आणि त्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम करता येणार नाही. शेतकऱ्याचं घर आणि खाण यांत फरक करणारा हा निर्णय मला २०२२ च्या निर्णयापेक्षा शहाणपणाचा वाटतो. ताडोबापासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पापर्यंत महाराष्ट्रातल्या जंगलांनाही तो लागू आहे.

गोव्यात डिसेंबर २०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. पहिल्या फेरीत डिचोली आणि शिरगाव-मये यांचा समावेश होता. नवा अहवाल झाला, नवी जनसुनावणी झाली आणि २०२४ मध्ये डिचोलीत खोदाईला पुन्हा सुरुवात झाली. हे पट्टे अभयारण्यापासून दूर आहेत, त्यामुळे एक किलोमीटरची रेषा त्यांना शिवत नाही. मात्र लिलावात निघालेल्या पट्ट्याच्या नकाशात लोकांची राहती घरं, देवळं, तळी आणि शेतं आली. शिरगाव, मये, मुळगाव, लामगाव या गावांचे लोक जनसुनावणीत आणि ग्रामसभांत एकच मागणी करत राहिले, की ती नकाशातून आधी वगळा, खाणीचं बोलणं त्यानंतर.